भिंती मालकाच्या, सामान आपले



तुमच्यापैकी भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हात वर करा. बरेच आहेत! आता घरातल्या सामानाचा विमा कोणी काढलाय? एकही हात नाही.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. आंबिल ओढा फुगला आणि टांगेवाला कॉलनी, अरण्येश्वर परिसरात पाणी घरांत शिरले. माणसे दगावली, संसार वाहून गेले. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडवरची एकतानगरी बुडाली. मालकाने इमारतीचा विमा काढला असेल, तर भरपाई भिंतींची मिळते. तुमचा फ्रिज, शिलाई मशीन, पुस्तके त्यात येत नाहीत.

काही घरांत विचारतील, 'विमा जायज आहे का?' उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत. आक्षेप व्याजाचा आणि अनिश्चिततेचा आहे. तो जरूर समजून घ्या. पण सर्वांनी थोडे थोडे देऊन नुकसान झालेल्याला सावरायचे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. कोणावर संकट आले की आपण मोहल्ल्यात वर्गणी काढतोच. पुरात मात्र अख्खा मोहल्ला बुडतो. मग शेजारी शेजाऱ्याला काय देणार? त्यासाठी वर्गणीदार दूरदूरचे हवेत. विम्यात नेमके तेच होते.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. भाडेकरू ती फक्त सामानासाठी घेऊ शकतो. आग, पूर, वादळ, भूकंप आणि दंगलीतले नुकसानही तीत येते. दंगलीचे महत्त्व आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. रोकड आणि कागदपत्रे मात्र येत नाहीत. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. दागिने असतील तर ते वेगळे नोंदवा.

आज घरी गेल्यावर तीन कामे करा. प्रत्येक खोलीचे आणि वस्तूंचे फोटो काढा. बिलांचेही फोटो काढून ते मोबाईलबाहेर, ई-मेलवर ठेवा. आणि भाडेकरार पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तुम्ही त्या घरात राहता, याचा तोच पुरावा.

मग दोन-तीन कंपन्यांचे दर विचारा. हे सगळे पावसाळ्याआधी करा. पाणी उंबऱ्याला लागल्यावर कोणी विमा देत नाही.