मुलाचा प्रश्न मुलाकडेच राहू द्या

मी सरकारी शाळेतला शिक्षक, तेव्हा वर्गातलंच बोलतो. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठी १९९३ पासून १० ते १७ वर्षांची मुलं आपल्या परिसरातला विषय घेऊन प्रकल्प करतात. काम काही महिन्यांचं. आपण पालक मात्र शेवटच्या आठवड्यात थर्माकोलचं मॉडेल विकत आणतो!

पलसाण्याच्या मुलाला साधा प्रश्न पडतो : उसाची चिपाडं जातात कुठे? उत्तर लगेच सांगू नका. वही द्या. दर शनिवारी ‘या आठवड्यात काय पाहिलंस?’ एवढंच विचारा. दुसऱ्या महिन्यात उत्साह ओसरतोच. तेव्हा विषय बदलू नका, लहान करा. साखर कारखाना झेपत नसेल तर नाक्यावरचा रसवाला घ्या. रोज किती किलो चिपाडं निघतात, कोण नेतं, कशासाठी? वजनकाटा तेवढा घरचा द्या.