जुने कॅमेरे : एका संग्राहकाचे मनोगत
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथांच्या या घरात कॅमेऱ्यांविषयी बोलण्यास आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी ऋणी आहे. दोहोंचे नाते जवळचे आहे. जे निघून जाणार ते धरून ठेवावे, याच ओढीतून दोन्ही जन्मले.

१९०० साली ईस्टमन कोडकने ‘ब्राउनी’ हा पुठ्ठ्याचा कॅमेरा एका डॉलरला विकावयास काढला आणि छायाचित्रण सामान्यांच्या हाती आले. आपल्या बडोद्याचाही या इतिहासात वाटा आहे. आगफाचा ‘क्लिक थ्री’ येथील न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होत असे. १२० क्रमांकाच्या एका रोलवर बारा चौकोनी छायाचित्रे निघत. कित्येक घरांतील मुंजी, बारशी आणि सहली त्याने टिपल्या. संग्राहकांच्या बाजारात लायका, रोलायफ्लेक्स यांचा मान मोठा. माझ्या कपाटात मात्र वरचा खण ‘क्लिक थ्री’चा आहे. त्याचे कारण सांगतो.

परिचयातील एका आजींनी आपल्या यजमानांचा कॅमेरा मला दिला. पाठीमागच्या लाल खिडकीत सातचा आकडा दिसत होता, म्हणजे आत रोल होता. तिकडे माझे लक्षच गेले नाही. नवी वस्तू हाती आल्याच्या हर्षात मी भर दुपारी झाकण उघडले आणि गुंडाळलेला कागद ओढून पाहिला. फिल्म उलगडली आणि त्याच क्षणी तिच्यावरचे सारे पुसले गेले. पुढच्या भेटीत आजींनी विचारले, “काही निघालं का हो त्यातून? शेवटच्या सहलीला ह्यांनी तोच नेला होता.” मी खरे ते सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “असू द्या. चहा घ्याल ना?” तो चहा मला आजही आठवतो.

तेव्हापासून कोणताही जुना कॅमेरा मी प्रथम अंधाऱ्या खोलीतच उघडतो. टिपलेली पण न धुतलेली प्रतिमा फिल्मवर कित्येक दशके तग धरू शकते. भिंगांना बुरशी धरू नये म्हणून पावसाळ्यात कॅमेरे चामडी पेटीत न ठेवता सिलिका जेलसह कोरड्या डब्यात ठेवतो. कोडकने १९९५ साली ६२० क्रमांकाचा रोल बंद केला. त्यासाठीचे कॅमेरेही निरुपयोगी ठरत नाहीत. १२० ची फिल्म तेवढ्याच रुंदीची असते, ती अंधारात बारीक रिळावर गुंडाळली की काम होते.

परंतु यंत्रे जपणे हे निम्मेच काम. आपणांस एकच विनंती आहे. घरी जाऊन जुन्या छायाचित्रांच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहा. सांगणारी माणसे आहेत तोवर लिहा. ग्रंथपाल पुस्तकाच्या पाठीवर क्रमांक घालतात, तो ते हरवू नये म्हणूनच ना?