दोन फोनांचा हिशेब

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास आमचा एक कंत्राटी सभासद सल्ल्यास आला. मुलगी चौथीत, तिची शाळा अजून फोनवरच भरे. एक फोन नवा, जिओफोन नेक्स्ट. रोख ६,४९९, हप्त्याने घेतल्यास आरंभी २,५०० आणि २४ महिने दरमहा ३००. त्यातच महिन्याला ५ जीबी डेटा व १०० मिनिटे बोलणे. दुसरा वापरलेला, रोख ५,०००. रिचार्ज आपला आपण करायचा.

पगाराचे करार वाचण्यात आमचे केस पांढरे झाले. आम्ही आधी बेरीज केली : ९,७००. मग भागाकार : दिवसाला जेमतेम १७० एमबी. त्यात तासाचा वर्गही पुरा होईना. रोज दीड जीबी हवा तर हप्ता ४५०, बेरीज १३,३००. वापरलेल्या फोनात तेवढाच डेटा १९९ ला मिळे, २८ दिवस. (महिना अठ्ठावीस दिवसांचा, हे नवे पंचांग!)

पण आम्हांला खटकले ते निराळेच. गड्याची नोकरी अकरा महिन्यांची, फोनचा करार चोवीस महिन्यांचा. काम सुटले तर रिचार्ज थांबविता येतो, हप्ता थांबत नाही.

त्याने जुना घेतला. १ डिसेंबरला १९९ चे २३९ झाले, तेव्हा हसत विचारायला आला, "साहेब, हे तुमच्या बेरजेत होते का?"

नव्हते.