पहिली प्रत

म्हैसूरच्या परिसरात हरिश्चंद्राची कथा कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. बेळगोळसारख्या कावेरीकाठच्या गावांत ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या मनात हा राजा बहुधा राजकुमार यांच्या रूपानेच उभा राहतो. हुणसूर कृष्णमूर्ती यांनी दिग्दर्शित केलेला ‘सत्य हरिश्चंद्र’ हा कन्नड चित्रपट १९६५ साली प्रदर्शित झाला, तेव्हा तो कृष्णधवल होता. २००८ मध्ये संगणकाच्या साह्याने त्यात रंग भरण्यात आले व तो पुन्हा चित्रपटगृहांत आला. तोवर दिग्दर्शक आणि नायक दोघेही दिवंगत झालेले होते. काहींना नवे रंग सुखावून गेले. इतरांना मात्र स्मशानातल्या त्या प्रसंगाचा काळोखच हवासा वाटला. आजच्या व्याख्यानाचा विषय याच मतभेदातून निघतो. लोकांनी एकदा आपलीशी केलेली कृती पुढे बदलता येते काय? आणि बदलणारा स्वतः तिचा कर्ताच असेल, तर?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर एके काळी सोपे होते. कीर्तनकार तेच आख्यान दर वर्षी निराळे रंगवतो, यक्षगानातील पात्र रात्र पाहून संवाद वाढवते, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. चित्रपटाची जात निराळी आहे. तो एकदाच घडतो आणि तसाच्या तसा पुन्हापुन्हा पाहिला जातो. त्यामुळे प्रेक्षकाच्या स्मृतीत त्याचा प्रत्येक क्षण ठाम बसतो.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट, म्हणजे चार रिळे होती. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, कारण स्त्रिया त्या काळी कॅमेऱ्यापुढे येण्यास तयार नव्हत्या. १९१७ मध्ये फाळक्यांनी हीच कथा पुन्हा चित्रित केली. पहिल्या चित्रपटाच्या प्रती गावोगावच्या प्रवासात व उष्णतेने निकामी झाल्या होत्या, असे त्याचे कारण सांगतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आज या चित्रपटाचे पहिले व शेवटचे रीळ तेवढे आहे. आणि ती रिळे १९१३ ची नसून १९१७ ची आहेत, असे काही इतिहासकारांचे प्रतिपादन आहे. ते ग्राह्य धरले, तर भारतीय चित्रपटाच्या जन्माचा पुरावा म्हणून जे दाखवले जाते, ती खुद्द जनकाने केलेली दुसरी आवृत्ती ठरते. तथापि या कारणास्तव फाळक्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पहिले हरवले म्हणून त्यांनी दुसरे केले. पहिले झाकण्यासाठी नव्हे.

याच्या अगदी उलट प्रकार अमेरिकेत घडला. जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ हा अंतराळातील युद्धाचा वैज्ञानिक अद्भुतपट २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याने एका पिढीला वेड लावले. १९८० व १९८३ मध्ये त्याचे पुढील दोन भाग आले. १९९७ मध्ये लुकास यांनी हे तिन्ही चित्रपट ‘विशेष आवृत्ती’ म्हणून पुन्हा पडद्यावर आणले. त्यांत संगणकाने घडवलेले प्राणी, नव्या इमारती, गाळलेला एक जुना प्रसंग अशी पुष्कळ भर होती. सर्वाधिक वाद मात्र क्षणभराच्या एका बदलावरून माजला. हॅन सोलो हा तस्कर एका पानगृहात बसलेला असतो. ग्रीडो नावाचा भाडोत्री शिकारी त्याच्यावर शस्त्र रोखतो. मूळ चित्रपटात सोलो बोलता बोलता मेजाखालून त्याला ठार करतो. नव्या आवृत्तीत ग्रीडो आधी झाडतो, त्याचा नेम हुकतो, आणि मग सोलो प्रत्युत्तर देतो. परक्याला हा वाद पोरकट वाटेल. वस्तुतः त्यात पात्राचे सगळे मर्म आहे. जो स्वतःचा जीव व स्वतःचा पैसा यांपलीकडे पाहत नाही, तोच शेवटी मित्रांसाठी परत येतो, यात त्या कथेची गोडी होती. आरंभीच त्याला निर्दोष ठरवले, की त्या परतण्याचे मोल उणावते. लुकास यांनाही हा क्षण स्वस्थ बसू देईना. २००४ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये लोकांपुढे आलेल्या आवृत्त्यांत तो आणखी बदललेला दिसला.

आपल्या मनात जो चित्रपट होता, तो पैसा व तंत्र यांच्या अभावी १९७७ मध्ये उतरला नाही, असे लुकास यांचे म्हणणे. कलावंताचे हे दुःख खोटे म्हणता येत नाही. पण चित्रपट एकट्याचा नसतो. पहिल्या चित्रपटातील दृश्यचमत्कारांना ऑस्कर पारितोषिक मिळाले होते. ते हातांनी यानांच्या प्रतिकृती घडवणाऱ्या कारागिरांचे श्रम होते. दुसरा भाग अर्विन कर्शनर यांनी, तर तिसरा रिचर्ड मार्क्वांड यांनी दिग्दर्शित केला होता. तिसऱ्या भागाच्या अखेरीस सेबॅस्टियन शॉ या वृद्ध नटाचे छायारूप दिसे. २००४ च्या तबकडीत त्याच्या जागी हेडन क्रिस्टेन्सन हा तरुण नट आला. शॉ १९९४ मध्येच वारले होते.

विशेष हे, की १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष देताना लुकास यांनीच या धोक्याची सूचना दिली होती. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग फासण्याची लाट तेव्हा आली होती. आज रंग, उद्या नटांचे चेहरे बदलतील, मूळ निगेटिव्हही नाहीसे होऊन त्यांच्या जागी नवे ‘मूळ’ उभे राहील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यांचा रोख कर्त्याव्यतिरिक्त इतरांनी केलेल्या फेरफारांवर होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही तो इशारा सोळा वर्षांनी त्यांच्याच चित्रपटात खरा ठरला.

नव्या आवृत्त्या निघाल्या, एवढ्यावर लोकांचे भांडण कदाचित थांबलेही असते. खरी खंत होती ती जुनी आवृत्ती मागे घेतल्याची. २००६ मध्ये मूळ चित्रपट तबकड्यांवर जोडपुरवणी म्हणून देण्यात आले, पण १९९३ साली केलेल्या मुद्रणावरून, डागडुजीवाचून. मग काही चाहत्यांनी जुन्या प्रती व फिती जमवून मूळ रूप स्वतःच जुळवावयास घेतले. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे काम शंकास्पद होते. त्यांनी दाखवलेली चिकाटी मात्र एखाद्या पाठचिकित्सकाला शोभणारी होती. जून २०२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ ची एक जपलेली प्रत महोत्सवात दाखवली, तेव्हा सोलोचा तो पहिला वार पुष्कळ वर्षांनी जाहीरपणे पडद्यावर उमटला.

ही सोय लंडनला होती, कारण तेथे कोणी तरी एक प्रत थंड, कोरड्या कोठीत सांभाळली होती. पुण्याचे संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, म्हणजे पहिल्या हरिश्चंद्रानंतर एक्कावन्न वर्षांनी. तेथे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले तुकडे मोठ्या कष्टाने गोळा केले. राजा हरिश्चंद्र रोहिदासाला धनुर्विद्या शिकवीत आहे, हे दृश्य त्यामुळेच आज पाहता येते. फाळक्यांनी १९१७ मध्ये त्यात काय बदलले, हे पडताळून पाहावयास शेजारी ठेवण्याजोगी दुसरी प्रत मात्र उरलेली नाही.