औषधाची पिन उजेडानं काढायची

दिल्लीतल्या मुनिरक्यातून बोलतोय. इथून एम्स जवळ, त्यामुळे गावाकडून उपचाराला येणारे लोक काहीबाही विचारत असतात. आमच्या पलटणीतल्या एका निवृत्त हवालदारांनी परवा फोनवर विचारलं, "साहेब, आता लाईट टाकून कॅन्सर मारतात म्हणे. मग माझी केमो बंद करू का?" तोंडाचा कॅन्सर, दोन डोस झालेले. त्यांना जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

हातबॉम्ब पिन जागेवर असेपर्यंत पट्ट्याला लावून मैलोन्‌मैल चालता येतं. नेहमीच्या केमोला अशी पिन नसते. सिसप्लॅटिन शिरेतून गेलं की गाठीबरोबर मूत्रपिंडांना आणि कानांनाही झळ लागू शकते. प्रकाशानं जागं होणारं औषध मात्र शरीरात निजून असतं. डॉक्टर गाठीवर ठरावीक रंगाचा उजेड टाकतात आणि तिथंच पिन निघते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. कोडावर बावची लावून उन्हात बसवायची पद्धत जुनी आहे. बावचीतलं सोरालेन अतिनील किरण पडले की पेशीच्या डीएनएला घट्ट चिकटतं. याच जातीचं औषध वापरून त्वचेच्या एका लिम्फोमावर करायच्या उपचाराला अमेरिकेत 1988 साली मंजुरी मिळाली. 1995 मध्ये तिथंच अन्ननलिका अडवणाऱ्या कॅन्सरसाठी फोटोफ्रिन आलं. लाल उजेड पडला की ते पेशीतल्या ऑक्सिजनलाच हत्यार बनवतं. 2020 मध्ये जपाननं डोक्या-मानेच्या बळावलेल्या किंवा उलटलेल्या कॅन्सरसाठी असं एक औषध मंजूर केलं.

आता मर्यादा ऐका. लाल उजेड मांसात काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर शिरतो. खोल गाठीपर्यंत बारीक फायबर न्यावी लागते. रोग अंगभर पसरला असेल, तर उजेड टाकणार कुठं? फोटोफ्रिननंतर किमान 30 दिवस ऊन टाळावं लागतं. आणि केमोच्याच औषधाला कुलूप घालून ते उजेडानं उघडायचं, हे काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अखिल चक्रवर्तींच्या गटानं धातूंच्या अशा संयुगांवर बरंच संशोधन केलंय.

म्हणून कुणी "लाईटचा उपचार" सुचवला, तर तीन प्रश्न विचारा. माझ्या गाठीपर्यंत उजेड पोचतो का? हा मंजूर उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल, तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय? भारतात 2009 पासून ही नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक सांगता येत नसेल, तर पैसे देऊ नका.

आणि चालू केमो आपल्या मनानं थांबवू नका. नवी कुमक येतेय हे खरं. पण ती पोचेपर्यंत हातातलं ठाणं सोडायचं नसतं. जय हिंद.