अंतर वेगळे, किंमत वेगळी
(तालुक्याच्या गावी झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



बारावीचा निकाल लागला की आपल्या कार्यकर्त्यांकडे पालकांची रीघ लागते. प्रश्न बहुधा एकच असतो. तालुक्याच्या गावी महाविद्यालय आहे, तेथील शुल्क झेपण्यासारखे आहे, घरी राहून शिकता येईल. परंतु मुलाच्या मनात दुसरेच नाव भरलेले असते. पुण्याचे, मुंबईचे, क्वचित दिल्लीचे किंवा बंगळूरचे. अशा वेळी आपण दोन ठरावीक उत्तरे देतो. एक, अंथरूण पाहून पाय पसरावेत. दुसरे, पोटाला चिमटा घ्यावा, पण मुलाला मोठ्या ठिकाणीच घालावे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. त्या आधारावर मला असे सांगावयाचे आहे की, ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण त्यांत अंतर आणि किंमत ह्या दोन भिन्न गोष्टींची गल्लत झालेली आहे.

दूर असलेली प्रत्येक संस्था महाग नसते आणि जवळची प्रत्येक संस्था स्वस्त नसते. हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ, दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ ही दूर आहेत, पण सार्वजनिक पैशावर उभी आहेत. उलट १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरसुद्धा महागडे शिक्षण मिळू लागले. सार्वजनिक संस्था स्वस्तच असते असेही आता म्हणता येत नाही. आय.आय.टी.चे पदवीचे वार्षिक शिक्षणशुल्क २०१६ साली ९० हजारांवरून २ लाखांवर नेण्यात आले. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना माफी ठेवण्यात आली, हे खरे. तेव्हा पालकांनी प्रथम विचारावे ते हे की, ही संस्था ज्ञान देण्यासाठी चालते की जागा विकण्यासाठी? किती लांब, हा प्रश्न त्यानंतरचा.

महागड्या जागेचा हिशेब आपण एकदा कागदावर मांडू. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी अडीच लाख ह्याप्रमाणे दहा लाखांचे कर्ज काढले आणि व्याजाचा दर शेकडा १० आहे. शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतरच्या एका वर्षात हप्ता नसतो, पण व्याज साचत राहते. सरळव्याजाने धरले तरी ते साडेतीन लाख होते. पाचव्या वर्षाच्या अखेरीस डोक्यावर साडेतेरा लाख. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,८०० रुपये, आणि एकूण भरणा एकवीस लाखांच्या वर. नोकरीच्या पहिल्या पगारातून खोलीचे भाडे आणि खाणावळ वजा करून एवढी रक्कम उरेल काय, हे ज्याचे त्याने पाहावे. न उरल्यास तो हप्ता बापाच्या ऊसबिलातून किंवा आईच्या दागिन्यांतून जातो. शिवाय ज्या मुलाच्या मानेवर असा हप्ता आहे तो मिळेल ती पहिली नोकरी धरतो. स्पर्धा परीक्षा, संशोधन, शिक्षकी पेशा, चळवळ ह्या वाटा त्याला बंद होतात. कर्ज केवळ पैसा घेत नाही, ते निवडही घेते.

मग जवळचेच बरे, असे म्हणून मोकळे व्हावे काय? येथे मी आपणांस थोडे थांबावयास सांगेन. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७६ साली महाविद्यालयात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची पुढील कमाई त्यांनी तपासली. ज्यांना सारख्याच दर्जाच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळत होता, त्यांच्यापैकी काही अधिक नामांकित संस्थेत गेले आणि काही कमी नामांकित संस्थेत. दोघांच्या पुढील कमाईत सरासरीने फारसा फरक आढळला नाही. मुलगा हुशार असेल तर तो कोठेही शिकून पुढे येतो, असा ह्याचा अर्थ. पण ह्या निष्कर्षाला एक अपवाद निघाला, आणि तो आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. गरीब घरांतील मुलांना मात्र नामांकित संस्थेचा फायदा झाला.

कारण उघड आहे. सुखवस्तू घरातील मुलाला ओळखी, भाषा, वावरण्याचा धीर आणि कोणत्या दाराशी काय मागावे ह्याची माहिती घरातच मिळते. मजुराच्या मुलाला ती मिळण्याची जागा महाविद्यालय हीच असते. अमेरिकेतील निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही, तरी त्यातील कार्यकारणभाव आपल्या अनुभवाशी जुळतो. म्हणून 'अंथरूण पाहून पाय पसरा' हा उपदेश आपण ज्याला करतो, त्याच मुलाचे दूर न गेल्याने सर्वाधिक नुकसान होण्याचा संभव असतो. ज्यांना फारसा फरक पडत नाही ते जातात, आणि ज्यांना पडतो ते घरी राहतात.

आपल्या समाजसुधारकांना हे कोड्यात टाकणारे नव्हते. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ह्याहून दूर जाणे ते कोणते! पण त्यांच्यावर सावकाराचा हप्ता नव्हता. संस्थानाच्या खजिन्याने ते अंतर ओलांडून दिले होते. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. मराठवाड्यात तेव्हा विद्यापीठ नव्हते; ते १९५८ साली आले. स्वतः सातासमुद्रांपलीकडे शिकलेल्या माणसाने गरिबाच्या दारात महाविद्यालय नेले, आणि ते दुय्यम दर्जाचे असावे असे त्यांच्या मनातही आले नाही. दूर जाण्याचा हक्क आणि जवळ चांगले मिळण्याचा हक्क हे दोन्ही त्यांनी एकत्र मागितले.

राजर्षी शाहूंनी तिसरा मार्ग दाखविला. १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले, आणि मग जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती अशी वसतिगृहांची रांगच लागली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. त्यांच्या 'कमवा आणि शिका' योजनेमागेही हीच दृष्टी होती. खेड्यातल्या मुलाला अडविणारी गोष्ट बहुतेक वेळा शुल्क ही नसून डोक्यावरचे छप्पर आणि दोन वेळचे जेवण ही असते. गरिबाच्या बाबतीत अंतर किलोमीटरांत मोजू नये, खाणावळीच्या बिलात मोजावे.

आज काय दिसते? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक, प्रारंभी ८६०, नामांकित संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारणाविना व जामिनाविना कर्ज, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांपैकी मर्यादित संख्येला व्याजात सवलत. तारणाची अट गेली, हे चांगलेच झाले. परंतु सयाजीरावांनी दिली ती शिष्यवृत्ती होती, हे कर्ज आहे. आणि तालुक्याचे महाविद्यालय साधारणतः त्या यादीत नसते. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला तोच आकडा पुन्हा लिहावा लागला, ह्यातच सर्व आले. त्या न झालेल्या खर्चाची जागा आता बापाच्या सहीने भरून काढली जात आहे.

दुसरीकडे जवळचे महाविद्यालय आतून पोखरले जात आहे. अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिक्त ठेवावयाच्या आणि तासिका तत्त्वावर तरुणांना राबवावयाचे, ही रीत पडून गेली आहे. पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ज्या शिक्षकाला ठाऊक नाही, तो विद्यार्थ्याला कसा घडविणार? अशा ठिकाणी मुलाने समाधान मानावे असे आपण सांगणे म्हणजे अन्यायाला शहाणपणाचे नाव देणे होय.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे बोलले पाहिजेत. मुलासाठी जवळचे महाविद्यालय हा बेताच्या परिस्थितीचा निर्णय असतो. मुलीसाठी ते पुष्कळदा शिकू देण्याची अट असते. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले. उत्तम झाले. पण खोली आणि जेवण ह्यांचा खर्च उरतोच, आणि सुरक्षित वसतिगृह नसेल तर घरातील वडीलधारी मंडळी 'नको' म्हणावयास मोकळी होतात.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे : सार्वजनिक संस्थेत प्रवेश मिळत असेल आणि राहण्याची सोय लागत असेल, तर अंतराला भिऊ नका, पोराला, आणि पोरीलाही, जाऊ द्या. जमीन गहाण टाकून जागा विकत घ्यावी लागत असेल, तर इमारत कितीही देखणी असो, तेथून परत फिरा. जवळचे महाविद्यालय निवडणार असाल तर आधी तेथे जाऊन विचारा : ह्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक किती, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, प्रयोगशाळेत प्रयोग होतात की वह्याच उतरविल्या जातात?

आणि कार्यकर्त्यांनो, आपले काम सल्ला देऊन संपत नाही. निकालानंतरच्या महिन्यात प्रत्येक तालुक्यात किमान दोघांनी शिष्यवृत्तीचे आणि वसतिगृहाचे अर्ज भरून देण्यासाठी बसावे, कारण पुष्कळ मुलांची संधी एका दाखल्यापायी हुकते. रिक्त जागांची यादी मागवून ती गावसभेत वाचून दाखवावी. शहरातील आपल्या सहानुभूतीदारांनी एकेका मुलाच्या खाणावळीचा भार उचलावा. तहसीलदार कचेरीवर मोर्चा नेऊ तेव्हा रस्ता आणि पाणी ह्यांच्या बरोबरीने वसतिगृह आणि प्राध्यापक ह्यांची मागणी निवेदनात पहिल्या पानावर असावी. दूर जाणारा मुलगा कर्जबाजारी होऊ नये आणि जवळ राहणारी मुलगी दुय्यम शिक्षण घेऊन बाहेर पडू नये, ह्या दोन्ही मागण्या आपल्या आहेत आणि त्या एकत्रच मागावयाच्या आहेत.