वेगाचें रिंगण

ज्ञानेश्वरमाउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यांत येते, ती लोणंदला मुक्काम करते. लोणंदहून तरडगांवकडे जातांना चांदोबाचा लिंब येथें वारींतील पहिलें उभें रिंगण होतें. वारकरी दोन्ही बाजूंस सरतात, मधली वाट मोकळी होते आणि अश्व भरधाव दौडत जातो. इतक्या माणसांच्या इतक्या जवळून घोडा धांवतो, तरी त्या धांवेचा धाक वाटत नाहीं. कारण तिला जागा नेमून दिलेली असते. मोटारीच्या वेगालाही असेंच रिंगण हवें, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

वेगवान मोटारींची एक जात अशी आहे, कीं तिचें इंजिन चालकाच्या पाठीमागें, परंतु मागच्या आंसाच्या पुढें बसविलेलें असतें. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी संस्थेनें २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत मांडलेली 'अवंती' याच जातीची. टाटांनीं २०१७ सालीं जिनीव्हास दाखविलेली 'रेसमो'ही तशीच; ती मात्र विक्रीस आली नाहीं. जर्मनीच्या ऑटो युनियन गाड्यांनीं १९३४ पासून ही रचना शर्यतींत गाजविली, आणि १९५९ सालीं जॅक ब्रॅबम कूपर गाडींतून जगज्जेता झाल्यावर तिचें श्रेष्ठत्व सर्वांना पटलें.

या रचनेचें मर्म शिखर शिंगणापूरच्या कावडीवरून समजतें. काठीच्या दोन टोकांस भार असला, कीं कावड चटकन् वळवितां येत नाहीं. उलट डोक्यावर घागर घेतलेली बाई जागच्या जागीं सहज वळते. भार मध्याजवळ असला, कीं वळणें सोपें; मधलें इंजिन म्हणजे ही डोक्यावरची घागर होय. परंतु जी गाडी चटकन् वळते, ती चुकल्यास चटकन् गरगरतेही. वळणाच्या मध्यावर भिऊन चालकानें वेगाच्या पट्टीवरून एकदम पाय उचलला, तर भार पुढच्या चाकांवर सरकतो, मागचीं चाकें हलकीं होऊन त्यांची पकड सुटते आणि गाडीचा मागचा भाग पुढें येऊं पाहतो. म्हणून ब्रेक वळणापूर्वीं, सरळ रस्त्यावरच लावावा आणि वळणांत पाय स्थिर ठेवावा. शिवाय वेग दुप्पट झाला, कीं थांबण्यास सुमारें चौपट अंतर लागतें, हा हिशोब कोणतीही गाडी चुकवूं शकत नाहीं.

हें शिक्षण लोणंद-फलटण रस्त्यावर घ्यावयाचें नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानें सरकारच्या लेखी संमतीवांचून सार्वजनिक जागीं शर्यत लावणें हा गुन्हा ठरविला आहे. त्यासाठीं चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील सुमारें ३.७ किलोमीटरचा, कोइमतूरजवळचा कारी किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध असे बांधलेले मार्ग आहेत. निघण्यापूर्वीं विमापत्र वाचावें. शर्यत आणि वेगचाचणी यांतील नुकसान त्यांत बहुधा वगळलेलें असतें.

अशा मार्गावरील पहिल्या दिवशीं घाई करणारा कांहींच शिकत नाहीं. शिरस्त्राण, ताजें ब्रेक-तेल आणि टायरांतील हवेची तपासणी ही पूर्वतयारी झाली. मग निशाणांची भाषा येते : पिवळें दिसतां वेग कमी करावा व कोणास ओलांडूं नये, निळें दिसल्यास मागून अधिक वेगाची गाडी येत आहे असें समजावें, तांबडें दिसतां फेरी थांबवून सावकाश परतावें. शेवटचा फेरा ब्रेक न वापरतां, मंद वेगानें घालावा, म्हणजे तापलेले ब्रेक निवतात. गाडी उभी केल्यावर हातब्रेक ओढूं नये. प्रारंभीं जाणत्या शिक्षकास शेजारीं बसवावें, आणि त्यानें हळू म्हटलें तर त्यांत कमीपणा मानूं नये.

संध्याकाळीं कोणी किती वेग गांठला, हें विचारण्यांत अर्थ नाहीं. आपल्या पायाला आणि गाडीला कोठें मर्यादा आहे, हें त्या दिवशीं कळलें काय, एवढेंच विचारावें. ज्याला तें कळलें, तो घरीं परततांना पालखीच्या वाटेनें चालणाऱ्या वृद्धेच्या मागें भोंगा न वाजवितां गाडी हळू करील. आपलें रिंगण कोठें संपलें, हें त्याला ठाऊक असेल.